बारीक भेग

निंबानानांसमोर ‘एक मिनिट थांबा’ म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हणालंच, तर ते मनगट वर करून घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि काटा एकदा फिरून आला की निघून जायचे. मिलमध्ये नवीन आलेल्या स्टोअरकीपरला हे ठाऊक नव्हतं. नाना पंपाचं पॅकिंग मागायला गेले, तो फोनवर होता, त्यानं बोट वर करून ‘एक मिनिट’ केलं. फोन ठेवला तेव्हा खिडकीत कुणीच नव्हतं. पॅकिंग द्यायला त्याला स्वतः बॉयलरपर्यंत चालत यावं लागलं. नानांनी ते घेतलं, सही केली, आणि रागाचा एक शब्दही न बोलता त्याला सांगितलं की पुढच्या वेळी पाच मिनिटं लागणार असतील तर पाच म्हणत जा.

मी त्या मिलच्या ऑफिसात होते. गुजरातेत, उधन्याच्या पुढे, साड्यांच्या कापडाला रंग देणारी मिल. आवक-जावक, पत्रं, फोन, हजेरी, शनिवारच्या मीटिंगचं रजिस्टर, सगळं माझ्याकडे. निंबानाना बॉयलर अटेंडंट. रंगाच्या मशीनला लागणारी वाफ त्यांच्या हातात. आम्ही दोघंही खान्देशातले, ते नंदुरबारकडच्या एका खेड्यातले आणि माझं माहेर शिरपूरचं, म्हणून ते माझ्याशी घरच्यासारखं अहिराणीत बोलायचे. मॅनेजरशी गुजराती, फिटरशी हिंदी. माणूस उंच, वाळका. एका कानात कायम कापसाचा बोळा. तो कान बॉयलरच्या पंख्याच्या आवाजानं कामातून गेलाय असं सगळ्यांना वाटायचं. खरं उलटं होतं. तो कान चांगला होता म्हणून ते तो जपत होते.

चालणं सावकाश. बॉयलरपाशी पळायचं नाही आणि ओरडायचं नाही, हे त्यांचे दोन नियम. एक माणूस पळाला की बाकीचे का पळायचं ते न विचारता पळतात, आणि मग पडतात ते पळण्यानंच, असं ते म्हणायचे.

वरच्या खिशात त्यांच्या दोन वस्तू असायच्या, एक भिंग आणि एक छोटा इंग्रजी-मराठी कोश. कोशाला प्लॅस्टिकचं कव्हर, पानं कोळशाच्या बोटांनी कडेला काळी झालेली. मी एकदा म्हणाले, नाना, आता फोनमध्ये सगळं मिळतं. तर म्हणाले, “फोन पह्यला अर्थ सांगीसन मोकळा व्हस. दुसरा, तिसरा कोन सांगी?”

शिक्षण नववी. पण औषधाच्या पाकिटावरचं मुंगीएवढं छापलेलंही ते भिंगातून वाचायचे, आणि लोक त्यांच्याकडे कागद घेऊन यायचे. माझी जाऊ मंगल आमच्याच मिलमध्ये घडीखात्यात होती. साड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरायचं काम. एकदा तिचे डोळे आले. घरात पडलेली थेंबांची बाटली ती डब्यात घालून घेऊन आली आणि जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, दोन थेंब घाल गं. मी झाकण उघडलं होतं. समोरून नाना जात होते. त्यांनी हात पुढे केला, बाटली घेतली, भिंग लावलं, आणि बाटली आपल्याच खिशात टाकली. ती कानात घालायची होती. आय आणि इअर, तीन-तीन अक्षरांचे इंग्रजी शब्द, आणि तेही बाटलीच्या पोटाला, गोंद सुटलेल्या कागदावर. नंतर मंगल आठवडाभर त्यांना रोज चटणी-भाकरी आणून देत होती.

शब्दांचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी अटेंडंटच्या परीक्षेला बसले होते. साहेबानं प्रश्नाची चिठ्ठी पुढे केली. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, की बॉयलरला ‘मिनिट’ गळती दिसली तर काय कराल. नानांनी तो शब्द जसा वाचला तसं उत्तर दिलं. एक मिनिट गळाली आणि थांबली, तर वहीत वेळ लिहीन आणि काम चालू ठेवीन. समोरचे तिघं हसले. एकानं सांगितलं की हा शब्द इथं मिनिट नाही, मायन्यूट आहे, स्पेलिंग तेच. अर्थ, अगदी बारीक. बारीक गळती दिसली आणि तू काम चालू ठेवलंस, तर चार माणसं मारशील. नापास.

त्या संध्याकाळी त्यांनी हा कोश घेतला. सहा महिन्यांनी पास झाले, पण तो शब्द सुटला नाही. चाळीत इंग्रजीचे एक म्हातारे मास्तर राहायचे, त्यांच्याकडे जाऊन त्याचं मूळ विचारून आले. मास्तरांनी सांगितलं की लॅटिन भाषेत कमी करणं, बारीक करणं असा धातू आहे, त्यातून तो आला. तासाचे बारीक तुकडे केले ते मिनिट. त्या तुकड्यांचे दुसऱ्यांदा बारीक तुकडे केले, म्हणून सेकंद, म्हणजे दुसरा. मीटिंगमध्ये झालेलं लिहून ठेवतात त्यालाही मिनिट्स म्हणतात, का, तर आधी बारीक अक्षरात घाईनं टिपून घ्यायचे, असं काही जण सांगतात. नाना हे चहाच्या टपरीवर सांगायचे तेव्हा ऐकणारे उठून जायचे. मी ऐकायचे, कारण मीटिंगचं रजिस्टर माझ्याकडे होतं आणि त्याला मिनिट्स का म्हणतात याचा मी कधी विचार केला नव्हता.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बॉयलर चार दिवस थंड केला होता. आतली राख, नळ्या, पाण्यातल्या क्षारांचे थर, सगळं साफ करायचं असतं. सरकारी तपासणीच्या आधी एक खाजगी इंजिनीअर बघून गेला आणि शुक्रवारी त्याचा रिपोर्ट मोबाइलवर आला. मी छापून मॅनेजर जयेशभाईंच्या टेबलावर ठेवला. दोन पानं. दुसऱ्या पानाच्या तळाला दोन इंग्रजी ओळी होत्या. मागच्या, नळ्यांची टोकं बसवलेल्या प्लेटवर मिनिट भेग दिसली. पुन्हा वाफ करण्यापूर्वी मिनिट तपासणी करावी. शब्द दोन्हीकडे तोच.

जयेशभाई वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. मंगलच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीतून नेलं होतं. पण चार मशीनभर कापड रंगासाठी थांबलेलं, गोडाऊन रिकामं, बाजारातून दर तासाला फोन. त्यांनी त्या दोन ओळी भाषांतरासाठी फोनमध्ये टाकल्या आणि जे आलं ते वाचून मान डोलावली. बारीक भेग आहे, एखाद मिनिट बघून घ्या म्हणतोय. फिटर आत गेला, मागचं दार उघडून टॉर्च मारला, बाहेर आला, सही केली. मी खिडकीतून बघत होते. त्याला खरंच मिनिटाहून जास्त लागलं नसेल.

दुपारी नाना ऑफिसात आले. त्यांनी रिपोर्ट मागितला. मी दिला. उभ्यानंच भिंग लावून त्यांनी दोन्ही पानं वाचली, मग खुर्ची ओढून बसले, आणि मला ती शेवटची ओळ मोठ्यानं वाचायला सांगितली. मी वाचली, ‘मिनिट’ असंच वाचलं. त्यांनी खिशात हात घातला. कोश काढला, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि काळ्या नखानं एक जागा दाखवली. बारीक, क्षुल्लक. त्याच्याच खाली, दुसरा अर्थ. अतिशय बारकाईचा.

“भेग बारीक शे,” ते म्हणाले. “पन तपासनी बी बारीक कराले सांगेल शे. बारीक म्हनजे थोडी नही, बेटा.”

मला तेव्हा पहिल्यांदा मागची भिंत आठवली. बॉयलरचं मागचं दार ज्या भिंतीकडे तोंड करून होतं, त्या भिंतीला लागून घडीखातं होतं. भिंत ऊबदार असते म्हणून सकाळच्या पाळीला बायका तिलाच पाठ लावून बसायच्या. मंगलची जागा तिथंच.

शनिवारची मीटिंग अकराला. जयेशभाई, रंगखात्याचे मास्तर, फिटर, नाना, आणि रजिस्टर घेऊन मी. सोमवारी सकाळी बॉयलर पेटवायचा, हे जयेशभाईंनी सांगितलं. नाना म्हणाले, मी पेटवणार नाही. आवाज चढला नव्हता. त्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला आणि जयेशभाईंना त्यांच्याच भाषेत सांगितलं.

“तिराड झीणी छे, जयेशभाई. पण तपास झीणवटथी करवानी लखी छे.”

भेग झीणी, पण तपास झीणवटीनं. आपल्याकडे बारीक भेग आणि बारीक नजर, तसंच ते. जयेशभाईंनी कागद हातात घेतला. मला आठवतंय, त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि त्यांचा अंगठा तिथं थांबला. क्षणभर मला वाटलं, झालं, पटलं. तेवढ्यात फोन वाजला. ते बाजारातल्या कुणाला तरी मंगळवारी माल देतो म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी कागद पालथा केला. इतकी वर्षं चालला, दिवाळीपर्यंत आठ दिवस चालेल, मग उघडून बघू हवं तेवढं. तुमची तब्येत ठीक नसेल तर घरी थांबा, मी दुसरा माणूस आणतो.

नाना उठले. दारात थांबून मला म्हणाले, “मी नाही म्हणालो, एवढं लिहून ठेव.” हे मात्र त्यांनी अहिराणीऐवजी साध्या मराठीत म्हटलं, ती सगळ्यांना थोडीफार कळायची म्हणून.

मी लिहिलं. अटेंडंट निंबा यांनी रिपोर्टमधल्या भेगेचं कारण देऊन बॉयलर पेटवायला नकार दिला, असं माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. चार वाजता जयेशभाईंनी रजिस्टर मागवलं. वाचलं, आणि पान माझ्याकडे फिरवून म्हणाले, सुनंदाबेन, हे असं नका लिहू, शेठ उगाच घाबरतील, नवीन पान लिहा. मी नवीन पान लिहिलं. त्यात नकार नव्हता. रिपोर्ट वाचला, तपासणी झाली, सोमवारी बॉयलर चालू, एवढंच. जयेशभाईंनी खाली सही केली. जुनं पान त्यांनी स्वतः फाडलं.

माझा नवरा तेव्हा लूम बंद पडल्यानं दोन महिने घरी होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. पण त्या दिवशी हात चालला तो तेवढ्याच विचारानं.

रविवार नेहमीसारखाच गेला. कोसाडच्या वस्तीत आमची घरं शेजारी-शेजारी. मंगल दुपारी आली, सोमवारपासून ओव्हरटाइम मिळणार म्हणून खुशीत होती. मुलाला बूट घ्यायचे म्हणाली. मी तिला सांगायला तोंड उघडलं, आणि काय सांगायचं तेच सुचेना. भेग आहे, पण बारीक आहे. तपासली आहे, पण थोडी. मी म्हणाले, उद्या सुट्टी घे ना. तिनं विचारलं, का. मी म्हणाले, सहज. ती हसून घरी गेली.

सोमवारी मी साडेसातला मिलमध्ये होते, माझ्या वेळेच्या तासभर आधी. गेटवर नाना उभे. आत जायला त्यांना मनाई नव्हती, पण कामही नव्हतं. घरी न थांबता ते येऊन तिथं कडेला उभे राहिले होते, हात मागे बांधून, मान वर. चिमणीतून काळा धूर निघत होता. बॉयलर पेटला होता. शेजारच्या मिलमधून इब्राहिमभाईंना आणलं होतं, नानांच्याच वयाचे, चाळीस वर्षं भट्टीसमोर घालवलेले. त्यांना रिपोर्टबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मी नानांच्या समोरून गेले. रजिस्टरचं त्यांनी विचारलं नाही. ते विचारतील या धास्तीनंच मी भराभर चालले होते.

ऑफिसात जाऊन रजिस्टर उघडलं. सोमवारी दहाला ते शेठकडे जायचं. पान भरलेलं होतं, खाली सही. समासात बोटभर जागा. मी तिथं शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिलं, की अटेंडंटनं नकार दिला आहे, भेगेमुळे, आणि मागच्या भिंतीला लागून माणसं बसतात. दुसऱ्याच्या सहीच्या वर असं मागाहून लिहिणं चूक आहे, हे मला माहीत होतं. लिहून काय होणार होतं, तेही कळत नव्हतं. शेठ दहाला येणार, आणि वाफ त्याआधीच चढणार.

आठ वाजले, पाळी आत आली. घडीखात्याच्या बायका हसत, डबे वाजवत गेल्या. मंगलनं खिडकीतून हात केला. मी उठून तिच्यामागे गेले आणि म्हणाले, आज भिंतीपासून लांब बस. ती म्हणाली, काय झालंय तुला, कालपासून. आणि नेहमीच्या जागी बसली.

पावणेनऊच्या सुमारास मी खिडकीत होते. नाना अजून तिथंच, मान वर. मग त्यांनी मान खाली घेतली आणि कानातला बोळा काढून खिशात ठेवला. मी वर बघितलं. धूर अजून काळाच होता, पण त्यात पांढरट काहीतरी मिसळत होतं, दुधाचा हात लागल्यासारखं. कोळशाचा धूर तसा होत नाही. आगीत पाणी जातं तेव्हा होतो.

नाना निघाले. पळत नाही, चालत. पण बॉयलरकडे नाही, आधी घडीखात्यात. मी मागोमाग. दारात उभे राहून ते हिंदीत म्हणाले, सगळ्यांनी उठा, गेटजवळच्या झाडाखाली जा, साड्या असू द्या. आवाज रोजचाच. दोघी-तिघी उठल्या. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या, मुकादमाला विचारूया म्हणाल्या. मंगल माझ्याकडे बघत होती. मी तिचा हात धरला आणि तिला ओढलं. मग बाकीच्या उठल्या. त्या मोठ्या खोलीतून वीस-बावीस बायका बाहेर पडायला किती वेळ लागला असेल, मला सांगता यायचं नाही. नाना दारात उभे राहून प्रत्येकीला पुढे जाऊ देत होते. शेवटची बाहेर आल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं, मला बोटानं झाड दाखवलं, आणि ते बॉयलरकडे वळले.

मी झाडाखाली गेले नाही. बॉयलरच्या शेडच्या कोपऱ्यावर थांबले. आतलं दिसत होतं. इब्राहिमभाई समोर, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेपाशी. दाबाचा काटा निम्म्याच्या पुढे गेलेला. नानांनी त्यांना हाक मारली नाही, खांद्याला हात लावला आणि मागच्या बाजूला नेलं. मागच्या दाराखालून काळं पाणी ठिबकत होतं, काजळी मिसळलेलं, एका धारेत येऊ लागलेलं. इब्राहिमभाई ते बघून सरळ झाले. नाना त्यांना दोन वाक्यं बोलले. रिपोर्टबद्दलच असणार. इब्राहिमभाई लगेच पुढे येऊन भट्टीच्या पंख्याच्या बटणापाशी गेले.

तेवढ्यात जयेशभाई आले. चारही मशीनमध्ये कापड आहे, आता वाफ तोडली तर सगळा लॉट डागाळेल, काय करताय, कुणाला विचारून करताय. नाना भट्टीचं दार उघडत होते. ते वळले नाहीत. दोघा म्हाताऱ्यांनी लांब आकडे घेतले आणि पेटता कोळसा बाहेर ओढायला सुरुवात केली. पंखा बंद झाल्यावर एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत मागून येणारा आवाज ऐकू आला. शिट्टी नाही. दातांतून श्वास सोडावा तसा, बारीक, न थांबणारा.

जयेशभाईंनाही तो ऐकू आला. ते मागे सरकत शेडच्या बाहेर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

कोळसा फरशीवर लाल पसरला होता. दोघं त्यावर माती टाकत होते, आणि मधूनमधून नाना मान वर करून काट्याकडे बघत होते. काटा हलत नव्हता. आग काढली तरी लोखंडात उष्णता असते, दाब लगेच उतरत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी फक्त काट्याकडे बघत होते आणि मनात मोजत होते. साठ झाले, पुन्हा एकपासून. असं किती वेळा मोजलं. कधीतरी काटा एका केसाइतका डावीकडे आला. मग आणखी एक केस. इब्राहिमभाई खाली बसले, जिथं होते तिथंच, मातीत. नाना उभेच राहिले, काटा शून्याला लागेपर्यंत.

शेठ दहाला आले तेव्हा मिल बंद होती आणि सगळे कामगार आवारात. त्यांनी विचारलं, कुणाच्या हुकमानं. नाना म्हणाले, माझ्या. जयेशभाई म्हणाले, एवढं गंभीर आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेठनी रजिस्टर मागवलं. मी नेऊन दिलं. त्यांनी पान वाचलं, मग चष्मा बदलून समास वाचला.

“आ कोणे लख्युं?”

मी म्हणाले, मी लिहिलं. कधी लिहिलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांनी जयेशभाईंकडे बघितलं, मग खालच्या सहीकडे, आणि रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

दोन दिवसांनी तोच इंजिनीअर आला. त्यानं मागच्या प्लेटवर भेगेत शिरणारा लाल रंग फवारला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. रंगाच्या मिलमधली माणसं रंग बघायला गोळा झाली. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली. नळीच्या एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत, सात भोकांतून गेलेली. वरून दिसत होती ती तिची फक्त एका टोकाची केसाएवढी जागा. इंजिनीअरनं ती भोकं एकेक करून मोजली. मग नानांना म्हणाला, काका, मी लिहिलं होतं. नाना म्हणाले, लिहिलं होतं, पण शब्द दुसरा वापरायला हवा होता.

प्लेट बदलायला महिना लागला. दिवाळीचा माल गेला. महिनाभर कामगारांना काम नव्हतं, आणि इथून गोष्ट मला सांगायला जड जाते. कारण कुणाला काही झालं नव्हतं. फुटलं असतं तर लोकांनी नानांना डोक्यावर घेतलं असतं. फुटलं नाही, म्हणून ते फुटलंच नसतं असं लोक म्हणायला लागले. दोन म्हाताऱ्यांनी घाबरून आग काढली आणि दिवाळी घालवली. मी हे मंगलच्या तोंडूनही ऐकलं. मुलाचे बूट राहिले होते. मी तिला लाल रेघेबद्दल सांगितलं. ती म्हणाली, असेल. एवढंच.

नानांच्या कानावर हे सगळं येत असणार. टपरीवर त्यांना बघून लोक बोलायचे थांबायचे. ते आपला चहा घ्यायचे, ग्लास स्वतः विसळून ठेवायचे आणि जायचे. मी एकदा चिडून म्हणाले, तुम्ही त्यांना सांगत का नाही, ती सात भोकं. तर त्यांनी विचारलं, “काय सांगू? मरनात नहीत, हाई सांगू?” तुम्ही मेला नाहीत, हेच सांगायचं का.

संक्रांतीनंतर त्यांना वयाचं कारण देऊन कमी केलं. ते रागात आहेत असं वाटलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या अटेंडंटला दिवसभर बरोबर ठेवलं आणि संध्याकाळी गेटवर सही करून गेले. मी ऑफिसातून बाहेर येईपर्यंत ते वळणावर पोचले होते. हाक मारली नाही. शनिवारच्या त्या फाडलेल्या पानाचं मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षं भेट नाही. मग गेल्या उन्हाळ्यात मी आईला आणायला उधना स्टेशनवर गेले होते. नंदुरबारकडे जाणारी गाडी दुसऱ्या बाजूला लागलेली. बाकावर नाना आणि त्यांची बायको, पायाशी दोन ट्रंका, एक गादी दोरीनं बांधलेली. कायमचे गावाकडे चालले होते. ते पुष्कळ वाळले होते. मला बघून उठले. घरचं विचारलं नाही, मिलचं विचारलं नाही. पहिलंच वाक्य,

“तुले काढं का त्यास्नी?”

मला कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं. समासात लिहिलं होतंस म्हणून. इब्राहिमभाईंनी सांगितलं होतं, शेठनी वाचलं ते. मग जयेशभाईंनी तुला कामावर ठेवलं का?

मी म्हणाले, ठेवलं, नाना. अजून तिथंच आहे.

ते बायकोकडे वळले आणि जरा मोठ्यानं म्हणाले, “दख, नही काढं इले.” ती म्हातारी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, दोन वर्षं झाली, रोज जेवताना एकदा म्हणायचे, त्या पोरीची नोकरी गेली असेल, आपल्यापायी.

मला तेव्हा सांगायचं होतं. शनिवारी मी पान बदलून दिलं होतं, सोमवारपर्यंत मी काहीच केलं नव्हतं, हे सगळं. पण गाडीनं शिट्टी दिली, हमाल ट्रंका उचलायला आला, आणि नाना एका हातानं गादी आणि दुसऱ्या हातानं बायकोला धरून डब्याकडे निघाले. पायरी उंच होती. त्यांनी आधी तिचा एक पाय वर ठेवला, मग पाठीला हात देऊन दुसरा. आत गेल्यावर मला खिडकीतून दिसत होते. तिला कडेची जागा दिली, पदर खिडकीच्या गजात अडकला होता तो सोडवला, स्वतः समोर बसले. गाडी हलली तेव्हा ते तिला काहीतरी सांगत होते आणि ती मान डोलावत होती. दोघांनीही बाहेर बघितलं नाही.